खाटेखालची मोठी बॅग

प्रिय भिंगरी,

मी एवढ्या निगुतीने भरलेली मोठी बॅग तू माझ्या डोळ्यांदेखत जमिनीवर उपडी केलीस! नोकरीचा काळा कोट तेवढा हातावर घेतलास, एवढी तरी अक्कल दाखवलीस, उपकार झाले. बाकी सगळं वळकटीसारखं गुंडाळलंस, त्या धाकट्या बॅगेत कोंबलंस, वर गुडघा देऊन बसलीस आणि चेन ओढलीस. चेन रडकुंडीला आली. मी तेव्हा गप्प बसले, कारण गाडी सुटायची वेळ झाली होती आणि जाणाऱ्या माणसाशी दारात भांडण नको. पण आता तू पोचलीस, रुळलीस, हॉटेलच्या टेबलामागे उभी राहून आल्यागेल्याला हसून चाव्या देतेस. तेव्हा आता बस आणि ऐक. मला शाळेचं वारं फार लागलेलं नाही, अक्षर कळलं नाही तर दोनदा वाच.

मी बॅग कशी भरते हे तुला एवढ्या वर्षांत दिसलं नाही? आधी पँट अंथरायची, पाय बॅगेबाहेर लोंबते सोडायचे. त्यावर शर्ट आडवे, बाह्या बाहेर. मधोमध मोजे, टॉवेल, आतले कपडे, अशी मऊ गादी. मग एकेक बाही, एकेक पाय त्या गादीवरून अलगद घ्यायचा, बाळाला दुपट्यात घेतो तसा. कुठे कडक घडीच नाही, मग चुणी पडेल कुठून? कॉलरमध्ये मोज्याची गुंडाळी, म्हणजे शर्ट मान टाकत नाही. तलम कपड्याला दुकानातली पातळ प्लास्टिकची पिशवी, कपडा तिच्यात सरकतो, चुरगळत नाही. आणि बॅग भरलेली हवी, पण दाबलेली नको. अर्धी रिकामी बॅग सगळ्यात वाईट. रस्त्यात खड्डा आला की कपडे घसरतात आणि रुसलेल्या पोरांसारखे एका कोपऱ्यात जाऊन बसतात. आणि तू मला शिकवतेस, आई, गुंडाळलं की जागा कमी लागते! टी-शर्टचं ठीक आहे, तो गुंडाळ नाहीतर उशाला घे. पण पांढरा शर्ट? माझी मुलगी चुरगळलेल्या कॉलरने चाव्या देत उभी राहिली, तर तिची आई इस्त्रीवाली आहे हे कोणाला सांगू नकोस.

तुझ्या बाबांची बॅग मी अशीच भरायचे. त्यांची फिरतीची नोकरी, आज इथे तर उद्या तिथे. लोक त्यांना विचारायचे म्हणे, प्रवास करून आलात की थेट घरून? ते घरी येऊन सांगायचे आणि मला धन्य वाटायचं. आणि एका खेपेला अशी झकास भरली की माणूस परत आलाच नाही. दुसरीकडे संसार थाटला. परवा आपली टाचणी, लाँड्रीत माझ्या शेजारच्या टेबलावर बटणं लावते ती, मला म्हणाली, तुझंच चुकलं, शर्ट चुरगळले असते तर इस्त्रीला तरी आला असता. आम्ही दोघी एवढ्या हसलो की मालक वाफेच्या खोलीतून धावत बाहेर आला, त्याला वाटलं काहीतरी जळलं. तू वाईट वाटून घेऊ नकोस. जे जळायचं ते कधीच जळून गेलं. फक्त एवढंच लक्षात आलं की मी जन्मभर जाणाऱ्यांच्याच बॅगा भरल्या. त्यांच्या भरल्या, तुझ्या भरल्या. स्वतःची कधी भरलीच नाही. एका पिशवीत सामान मावणार नाही एवढं लांब मी कधी गेलेच नाही.

माझं म्हणशील तर झकास चाललंय. मालकाने माझं टेबल उंच करून दिलं, आता कंबर भरून येत नाही. खिडकीजवळची जागा मिळाली, सकाळचं ऊन थेट हातावर येतं. संध्याकाळी दुकान मिटलं की टाचणी आणि मी पायरीवर बसून चहा पितो, आणि रस्त्याने जाणाऱ्यांपैकी कोणाचे कपडे बायको इस्त्री करते आणि कोण ते स्वतःच हाताने झटकून घालतो ते ओळखतो. घर शांत आहे. एवढं शांत की नळ गळतोय हे मला तू गेल्यावर कळलं. दुरुस्त करून घेतला. मग आणखीनच शांत झालं.

त्रास एकच, तुझी ती मोठी बॅग. दोन्ही बॅगा एकातएक घातलेल्या अशा हौसेने आणल्या होत्यास आणि धाकटी उचलून चालती झालीस. मोठी माझ्या खाटेखाली मावत नाही, अर्धी बाहेर डोकावते. येता-जाता अंगठा आपटतो आणि मी तुझा उद्धार करते. मी मनाशी धरून बसले की हिला माझ्या हातची घडी नको झाली, म्हणून बॅगही नको झाली. तुझी दोन पत्रं आली, ती मी रागातच वाचली. एकात लिहिलंस, माझ्या खोलीत कपाट मोठं आहे, अर्धं रिकामंच आहे. मी उलट लिहिलं, मग कोट तिथे मोकळा टांग, दाटीत टांगू नकोस. दुसऱ्यात लिहिलंस, खोलीत दुसरी खाट आहे, तिच्यावर नुसते कपडे पडून असतात. मी लिहिलं, कपडे खाटेवर टाकणाऱ्या बाईच्या घरात लक्ष्मी काय, झुरळसुद्धा राहणार नाही. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. तूही हसत असशील, नाहीतर कपाळाला हात लावत असशील.

रविवारी टाचणी आली. तिला मुलाकडे जायचंय, म्हणाली, तुझी ती बॅग पडूनच आहे ना, दे मला. मी म्हटलं, घेऊन जा बाई, माझा अंगठा तरी वाचेल, आणि खाटेखालून ओढून काढली. टाचणीने उघडून पाहिली. आतून कोरी करकरीत. तुझे सगळे कपडे माझ्या हाताने मावले होते या बॅगेत, वर हात फिरवायला जागा होती. टाचणी विचारते, मग एवढी ऐसपैस बॅग सोडून पोरीने गुडघ्याने चेपून धाकटी का नेली? मी म्हटलं, माझ्या घडीचा राग. त्यावर ती काय म्हणाली ऐक. म्हणाली, जन्मभर इस्त्री करून तुझं डोकंही सपाट झालंय. पोरगी बॅग टाकून नाही गेली, तुझ्यासाठी ठेवून गेलीय. आणि बॅग न घेता उठून गेली. मग मी तुझी दोन्ही पत्रं काढून पुन्हा वाचली, अर्धं रिकामं कपाट, दुसरी खाट, आणि पुढ्यात उघडी बॅग.

तर हे पत्र त्यासाठी. तुझ्याकडे यायचं म्हणून सोमवारी मालकाकडे रजा मागायला गेले. तो चांगला माणूस, लगेच हो म्हणाला, फक्त विचारलं, किती दिवस? मला सांगता येईना. पुढच्या शनिवारी त्याला सांगायचंय, म्हणजे माझ्या टेबलावर बदली बाई बसवायची की कायमची ते तो ठरवेल. घरी येऊन भरायला कपडे बाहेर काढले, तर तिथेही तोच प्रश्न. चार दिवसांसाठी जायचं तर मी वर सांगितलं तसं मऊ गादीवर घेऊन भरते, कपडे बॅगेतच राहिले तरी बिघडत नाही. पण राहायलाच जायचं तर घड्या वेगळ्या, थंडीचे कपडे तळाला, आणि पोचल्याबरोबर सगळं कपाटात टांगायचं. जड वस्तूची जागा बॅगेच्या चाकांकडे, म्हणून माझी जुनी इस्त्री बाजूला काढलीय. चार दिवसांसाठी कोणी इस्त्री नेत नाही हे मला कळतं. नुसती बाजूला काढलीय. सगळे कपडे इस्त्री करून खाटेवर पसरलेत आणि मी खाली सतरंजीवर झोपतेय, म्हणजे तूच बघ. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारपर्यंत मला उत्तर हवं. चार दिवस की कायमचं, सरळ लिही. तुला वाटेल तसं, आई, असलं काही लिहिलंस तर बॅग टाचणीला देऊन टाकीन. आणि त्या दुसऱ्या खाटेवरचे कपडे आधी उचल.

तुझीच,
आई