तिसऱ्या गाठीच्या आधी

कुंभकोणम,
मंगळवार, सकाळ

प्रिय तैयल अक्का,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. अम्माचा गुडघा कुरकुरतो, पण देवळाच्या पायऱ्या चढताना नाही, फक्त मी काही काम सांगितलं की. परवा तू फोनवर विचारलंस, सातव्या महिन्यात बांगड्या भरायच्या दिवशी नादस्वरम वाजवायला येशील ना, आणि त्याला जोडून आणखी एक वाक्य बोललीस. मी 'बघतो' म्हणालो आणि फोन ठेवला. तुला राग आला असणार. पण तुझ्या मागे तुझ्या सासूबाईंचा आवाज येत होता, आणि मला जे सांगायचं आहे ते कुणी ऐकत असताना सांगता येण्यासारखं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या पत्राच्या शेवटी आहे. लहानपणी गोष्टीचं पुस्तक तू मागूनच वाचायचीस, तसं याचं करू नकोस.

पहिली बातमी माझी. मी सिगरेट सोडून येत्या पौर्णिमेला एक वर्ष होईल. मी ओढत होतो हेच तुला माहीत नव्हतं, त्यामुळे ही बातमी तुला उलटीकडून कळते आहे. एकोणिसाव्या वर्षी सुरुवात झाली. वरातीची वाट बघत आम्ही वाजवणारे कार्यालयाच्या मागच्या बाजूला बसतो, जिथे उष्ट्या केळीच्या पानांचा ढीग पडतो. तिथे तविलवाला तंगराज गळ्यातला ढोल उतरवून चहा आणायचा आणि चहाबरोबर एक सिगरेट. "ओढ रे, उभं राहून पाय दुखतात ते विसरशील," म्हणायचा. पाय दुखायचे ते दुखायचेच. पण एकीच्या दोन झाल्या आणि तेविसाव्या वर्षापर्यंत दिवसाला एक पाकीट. अम्माला वास यायचा तेव्हा मी तंगराजचं नाव सांगायचो. बिचारा तंगराज, अम्मा अजूनही त्याला कॉफी देताना कप आपटते.

पेरियप्पांना मात्र काही सांगावं लागलं नाही. अप्पा गेल्यावर त्यांच्या या थोरल्या भावाने आपल्याला वाढवलं. तू त्यांच्या खांद्यावर बसून रथ बघितलास, मी त्यांच्या मांडीवर बसून पहिला सूर धरला. माझ्या वाद्याच्या जिभल्याही तेच करायचे. कावेरीकाठचा बोरू आणून, उकडून, दाबून, दोऱ्याने आवळून. जिभली ओठांत धरल्याशिवाय वाद्य वाजत नाही, आणि ज्याने ती केली त्याला ती वापरलेली हातात आली की तोंडाची सगळी हकीकत कळते. त्यांनी माझ्या जिभल्या नाकाशी नेल्या, तपासल्या, धुतल्या आणि परत लावून दिल्या.

तळ्याच्या काठाचे दगड तुला आठवतात ना? पहिल्या पायरीपासून सूर लावायचा आणि एका श्वासात जितकं चालवेल तितकं काठाने चालायचं. पेरियप्पा दगड मोजायचे. अठराव्या वर्षी मी त्रेचाळीस दगड जायचो. तू मागून येऊन माझ्या पाठीत बोट खुपसायचीस आणि म्हणायचीस, "फुगा फुटला." तेविसाव्या वर्षी मी एकवीस दगडांवर आलो होतो. ते मोजायला मी पेरियप्पांना बोलावणं बंद केलं होतं.

आता तुझ्या लग्नाकडे येतो. तुला माहीत असलेली हकीकत अशी आहे. मंगळसूत्राची ताली गळ्यात बांधताना, तिच्या तीन गाठी पडेपर्यंत, कुणाची शिंक, कुणाचं रडणं, कुणाचा वाकडा शब्द तुमच्या दोघांच्या कानावर पडू नये म्हणून आम्ही जीव तोडून वाजवतो. आपल्या घराण्याचं ते कामच आहे. तुझ्या मानेमागे पहिली गाठ पडली, दुसरी पडली, आणि तिसऱ्या गाठीच्या आधी वाजवणं तुटलं. सगळ्या मांडवात शांतता झाली आणि त्या शांततेत खोकला ऐकू आला. सगळ्यांनी माना वळवल्या तेव्हा पेरियप्पा तोंडाला टॉवेल लावून खोकत होते. तू मान खाली घालून बसली होतीस. तुला फक्त ऐकू आलं, आणि मग तीन वर्षं तेच ऐकवलं गेलं. पोटी काही राहत नव्हतं तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "सूर तुटला तिथेच सगळं तुटलं. म्हाताऱ्याला खोकला होता तर घरी बसायचं." गेल्या पोंगलला तू आलीस तेव्हा पेरियप्पांच्या पाया पडली नाहीस. ते ओसरीवर आशीर्वादाला हात उचलून उभे होते. मग त्याच हाताने त्यांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला.

त्यांना त्यानंतर कुणी लग्नाला बोलावलं नाही. देवळातली पहाटेची सेवाही दुसऱ्याला दिली. पंचायतीतले भले लोक, गोड बोलून म्हणाले, "तुम्ही आता विश्रांती घ्या, वय झालं." आणि मला मात्र बोलावणी येत होती. दुसऱ्यांच्या ताफ्यात जाऊन मी वाजवायचो, मागे जाऊन ओढायचो, परत येऊन वाजवायचो. असं दोन वर्षं, अक्का. हे मी तुला लिहितो आहे कारण सोडणारा माणूस एका दिवसात शहाणा झाला असं तुला वाटू नये.

गेल्या वर्षी एका सकाळी पेरियप्पांनी आपलं स्वतःचं वाद्य पेटीतून काढलं, काळं कुळकुळीत, आजोबांच्या हातचं. मला म्हणाले, "हे आता तू घे. माझ्याकडे ते उपाशी राहतं." मी घाईने जिभली ओठांकडे नेली. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "आधी चूळ भरून ये."

एवढंच. आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. मी विहिरीवर गेलो, चूळ भरली, मग परत भरली, आणि मग तिथेच बसून रडलो. सातव्या का आठव्या चुळीनंतर खिशातलं पाकीट अम्माच्या चुलीत टाकलं. अम्मा म्हणाली, "तंगराजचं आहे ना ते?" मी म्हणालो, "नाही, माझं." तिने चिमट्याने ते आत ढकललं आणि भात ढवळत राहिली.

पहिले तीन दिवस मी माणसात नव्हतो. डोकं ठणकत होतं, हातांचं काय करू ते कळत नव्हतं, शेजारच्या शेळीशी भांडलो. चौथ्या दिवशी वाटलं जिंकलो, आणि दुसऱ्या आठवड्यात असा खोकला लागला की ओढत होतो तेव्हाही नव्हता. तपकिरी, घट्ट काहीतरी बाहेर यायचं. मला वाटलं, संपलं. सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या, जिभेने तुझ्याहून तिखट. छाती तपासून म्हणाल्या, "घर झाडायला काढलं की धूळ उडतेच. छातीच्या आतल्या नळ्यांना बारीक केस असतात, घाण वर ढकलणारे. धुराने ते झोपले होते. आता उठून कामाला लागलेत, आणि तुम्ही तक्रार करताय." मी विचारलं, किती दिवस? म्हणाल्या, "काही आठवडे, कदाचित काही महिने. पंचविशीच्या आसपास सोडलंत, शरीर बरंचसं माफ करतं. पन्नाशीत आला असतात तर मी इतकी हसले नसते." आणि रक्त आलं तर लगेच या, असं बजावून सांगितलं.

रक्त आलं नाही. आले ते वास. एका सकाळी तळ्यावर जाताना चमेलीचा वास इतका अंगावर आला की मी मागे वळून बघितलं, कुणी बाई गजरा घालून आली का. कुणी नव्हतं, भिंतीवरचा वेल होता, जो तू लावलास तो. अम्माच्या रसममध्ये मिरी असते हे मला सहा वर्षांनी कळलं. तंगराजच्या तविलच्या खोळीचा वासही कळला, ते नसतं कळलं तर बरं होतं. भूक अशी लागायची की सकाळी नऊ इडल्या जायच्या. अम्मा मोजायची आणि दहावी वाढायची. महिन्याभरात जिना चढून वर गेल्यावर बोलता येऊ लागलं. छातीत झोपेत वाजणारी शिट्टी थांबली, ती वाजत होती हे अम्माने मला ती थांबल्यावर सांगितलं.

मध्ये एकदा घसरलो. आवणी महिन्यातलं लग्न, वरात दोन तास उशिरा, तंगराजने सवयीने पुढे केली आणि मी घेतली. अर्धी ओढली. चव अशी लागली, जशी ओल्या चपलेची असेल. तरी अर्धी ओढलीच, ते लपवत नाही. घरी येऊन पेरियप्पांना न विचारता सांगितलं. ते म्हणाले, "उद्या पहाटे तळ्यावर ये. मी मोजतो." त्या दिवसापासून ते रोज मोजतात. तेव्हा अठ्ठावीस. दिवाळीला चौतीस. गेल्या शुक्रवारी एकेचाळीस. त्रेचाळीसही होतील, दोन दगड कुठे पळून जाणार आहेत?

त्याच शुक्रवारी माझे दगड मोजून झाल्यावर त्यांनी वाद्य माझ्या हातातून घेतलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. सूर लावला आणि लुंगी सावरत हळूहळू चालू लागले. मी मोजत होतो. सदुसष्ट वर्षांचा माणूस, अक्का. सेहेचाळीस दगड गेला, थांबला, आणि श्वास लागला नव्हता. मी तिथेच उभा राहिलो. या माणसाच्या छातीत खोकला नव्हताच कधी.

आता ऐक. तुझ्या लग्नाचा व्हिडिओ काढ. दाराला कडी लाव, आवाज वाढव आणि दुसऱ्या गाठीपासून नीट ऐक. कॅमेरा तुझ्या मानेवर होता, आम्ही कुणी त्यात दिसत नाही. पण खोकले दोन आहेत. पहिला ओला आहे, फुटलेला, दाबून धरलेला असताना सुटलेला. मध्ये दोन क्षण काहीच नाही. आणि मग दुसरा, कोरडा, मोठ्याने, सगळ्यांनी ऐकावा असा. दुसरा पेरियप्पांचा. पहिला माझा. त्या दिवशी बहिणीचं लग्न म्हणून त्यांनी मला पुढे वाजवायला दिलं होतं. पहाटेपासून नऊ ओढून मी उभा होतो. श्वास तुटला आणि खोकला आला. तविलवाल्यांची नजर पुढच्या वाद्यावर असते. माझं थांबलं, त्यांना वाटलं गाठी झाल्या, त्यांचेही हात थांबले. पेरियप्पांनी आपलंही वाद्य खाली घेतलं, माझ्याकडे एकदा बघितलं, तोंडाला टॉवेल लावला आणि खोकले. माना वळल्या त्या त्यांच्याकडे. ज्याला पुढे चाळीस वर्षं वाजवायचं आहे त्याच्यावर हे नको, असं त्यांना वाटलं असणार. मी कधी विचारलं नाही, ते कधी बोलले नाहीत. आणि मी ते घेतलं, अक्का. त्यांनी दिलं आणि मी घेतलं, आणि तू त्यांच्या पाया पडली नाहीस तेव्हा मी बाजूलाच उभा होतो.

तुझ्या पोटाचा आणि माझ्या खोकल्याचा काही संबंध आहे असं मला वाटत नाही, डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या मला हाकलून देतील. पण ज्यांना तो लावायचा आहे त्यांनी योग्य माणसाला लावावा. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. भावोजींनाही. त्यांना मला जे बोलायचं ते मी येईन तेव्हा समोर बोलू देत, मी मान खाली घालून ऐकेन. आणि मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव, त्याची घाई नाही. पेरियप्पांचं मात्र सावकाश चालणार नाही.

फोनवर तू जे दुसरं वाक्य बोललीस, "पण एकटाच ये, त्यांना आणू नकोस," त्यासाठी हे सगळं लिहिलं. ते पेरियप्पांना मी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, आपल्याला कुणी बोलावेल असं त्यांच्या मनातच नाही. काल त्यांनी माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं दिलं. आत काचेच्या बांगड्या, अर्धा डझन लाल, अर्धा डझन हिरव्या. माप चुकू नये म्हणून अम्माच्या डब्यातली तुझी शाळेतली बांगडी घेऊन बाजारात गेले होते, आणि दुकानदाराला म्हणाले, "आता हात थोडा भरला असेल, त्या अंदाजाने दे." मला म्हणाले, "तू जाशील तेव्हा ने. अम्माने दिल्या म्हणून सांग." मी पुडकं घेतलं नाही, अक्का. त्यांच्याच कपाटावर ठेवलं आहे. मी वाजवायला येईन, पण पुढे ते असतील आणि मी त्यांच्या डाव्या हाताला. बांगड्या ज्यांनी घेतल्या तेच घेऊन येतील. पण त्यांना फोन तू करायचास.

तुझाच,
कदिरवेल