सैल ते गळतंच

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून रोजनिशी. बोटीच्या इंजिनाची दुरुस्ती मी स्वतः हाती घेतली आहे. उद्या कोणी श्रेय लाटायला आलं तर लेखी पुरावा असावा.

लक्षण: इंजिन एका झटक्यात सुरू होतं, दहा मिनिटं शहाण्यासारखं चालतं, मग खोकतं आणि बंद. सासरे गेले आणि बोट मी चालवायला घेतली, तेव्हापासूनची ही खोड. निदान: पेट्रोलच्या पुरवठ्यात दोष. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला पुरवठा म्हणजे काय हे कोणी शिकवू नये. टाकी, नळी, नळीत हाताने दाबायचा रबरी फुगा, फिल्टर, इंजिन. संपला विषय. मी अख्ख्या शहराला पाणी पाजलं आहे.

बायकोने मुदत घातली. (बोट कागदोपत्री तिची. वडिलांची म्हणून.) १५ तारखेला रविवारी मेहुणी आणि साडू येणार. त्यांना दीपगृहापर्यंत नेऊन इंजिनावर परत आणलं तर बोट राहील. नाहीतर धक्क्यावरच्या मिस्त्रीला विकायची. धक्क्याला बांधून कुजवण्यापेक्षा चालवणाऱ्याकडे गेलेली बरी, म्हणाली. 'चालवणाऱ्याकडे' म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. नोंद घेतली आहे.

बारा दिवस. मला चार पुरतील.

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७

टाकीची पाहणी. झाकणावरचा छोटा स्क्रू पुन्हा सैल! मागच्या महिन्यात मीच घट्ट केला होता. पेट्रोलचा वास येतो तो तिथूनच. पक्कड लावून आवळला. खात्यात आमचं एकच सूत्र होतं: सैल ते गळतंच.

चहाच्या वेळी बायको म्हणाली, बाबा निघण्याआधी झाकणापाशी काहीतरी फिरवायचे, टाकीलाही श्वास लागतो म्हणायचे. टाकीला श्वास. सासरे भाबडेच होते. फिरवायचे म्हणजे आवळतच असणार, असं मी तिला समजावलं. तिने चहाचे कप उचलले, म्हणजे पटलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा फिल्टर. निघालो. अकराव्या मिनिटाला बंद. फुगा चपटा पडला होता, दाबला तर वर येईना. टाकीच्या दोन्ही कुशी आत गेलेल्या. हल्लीचं प्लास्टिक.

पेट्रोल किती आहे बघायला झाकण उघडलं. अर्ध्याहून जास्त. झाकण लावलं, दोरी ओढली, पहिल्या झटक्यात सुरू! म्हणजे फिल्टरला रुळायला वेळ लागतो. (हे कुठल्याही पुस्तकात नाही. माझा शोध.) दहा मिनिटांनी पुन्हा बंद. वल्ही मारत परत.

मिस्त्री धक्क्यावर बसून सगळं बघत होता. नखात तेल असलं की यंत्र कळतं, असा लोकांचा समज आहे. 'साहेब, ते झाकण जरा...' एवढंच बोलला. पुढचं मी बोलू दिलं नाही. ज्याला माझी बोट हवी आहे त्याचा सल्ला मी घेणार? एवढा दुधखुळा नाही मी.

८ फेब्रुवारी, रविवार

विजय. नवी नळी टाकली आणि इंजिन सलग चाळीस मिनिटं चाललं. मीच कंटाळून बंद केलं. नळी! लोक उगाच फिल्टर बदलत बसतात.

घरी येऊन टाकी पुसताना बघतो तर स्क्रू सैल. बुधवारी पक्कड लावून आवळलेला. आपोआप सुटणं शक्य नाही. धक्क्यावर माझ्यावर जळणारी माणसं आहेत, त्यात एकाच्या नखात तेल आहे. नाव लिहीत नाही. आणखी अर्धा आटा जास्त आवळला.

बायकोने विचारलं, आज कसं काय चाललं? मी पाऊण तास नळीचं महत्त्व सांगितलं. ऐकताना हसत होती. अभिमान वाटला असणार.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नऊ मिनिटं. हा नीचांक.

कार्बुरेटर जेवणाच्या टेबलावर खोलला. खाली चादर अंथरली होती, तरी एक स्प्रिंग उडाली. दोन तास शोधली. बायकोच्या चपलेत सापडली. तिने ती माझ्या हातावर ठेवली आणि ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेली. आम्ही उभ्याने जेवलो. संशोधनाच्या काळात असं चालायचंच.

इंजिनाची पुस्तिकाही काढली. पहिल्याच पानावर टाकीच्या झाकणाचं चित्र आणि एक बाण. पहिलं पान नवशिक्यांसाठी असतं. मी पाचव्या प्रकरणापासून सुरुवात केली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

स्क्रू पुन्हा सैल!! आता हद्द झाली. कायमचा बंदोबस्त केला. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेप सात वेढे, वर पक्कड. आता त्यातून मुंगीचा उच्छ्वासही बाहेर पडायचा नाही.

टेपवर बोट फिरवून बायकोने विचारलं, हे काय? म्हटलं, एकतीस वर्षांचा अनुभव. ती बराच वेळ टाकीकडे बघत उभी राहिली. तिला तांत्रिक गोष्टींत रस निर्माण होतो आहे.

चाचणी घेतली नाही. ज्यांना शंका असते ते चाचण्या घेतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार

साडूचा फोन. वल्ही असतात ना बोटीत, विचारत होता. हा माणूस गाडीच्या चाकात हवा भरायलाही माणूस बोलावतो. त्याला म्हटलं, वल्ही शोभेला आहेत.

कप्तानाची टोपी आणली. डोक्याला थोडी मोठी होते, पण वाऱ्यात बरी दिसेल.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

झालं ते क्रमाने लिहितो.

१०.०५ ला निघालो. मी सुकाणूवर. पुरवठा या विषयावर थोडं बोललो. १०.१६ ला इंजिन खोकलं. १०.१७ ला बंद. खाडीच्या बरोबर मधोमध. ओहोटी लागली होती, बोट आडवी होऊन खडकांकडे सरकायला लागली. साडूने अगदी सभ्यपणे विचारलं, दीपगृह हेच का? मेहुणीने त्याला चिमटा काढला. मी फिल्टर खोलायला घेतला. टोपी पाण्यात पडली.

तेवढ्यात बायको उठून टाकीपाशी गेली. पक्कड मागितली. मी स्पष्ट इशारा दिला की गळती झाली तर मी जबाबदार नाही. तिने नखांनी सात वेढे उलगडले आणि पकडीने स्क्रू सोडला. टाकीने एक लांब श्वास घेतला. त्याला दुसरा शब्द नाही. आत गेलेल्या कुशी धप्पकन बाहेर आल्या. तिने माझ्या हातातून फिल्टर काढून जागेवर बसवला, फुगा तीनदा दाबला, दोरी ओढली.

चालू.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सैल करून ठेवत होते. वाटायचं, एक दिवस तरी विचाराल, कोण करतं म्हणून."

इंजिनाच्या आवाजात साडूला ऐकू गेलं नसावं. गेलं असावं.

सुकाणू तिनेच घेतलं. दीपगृह, आणि परत. वाटेत मेहुणी म्हणाली, बाबा असेच एक पाय मुडपून बसायचे, आणि दोघी बहिणी रडल्या. मला टाकीशेजारी बसवलं होतं आणि कशालाही हात लावू नका असं सांगितलं होतं. नाही लावला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बोट विकायची नाही, असं काल रात्री जेवताना ठरलं. म्हणजे उद्दिष्ट पूर्ण. शिवाय चालताना टाकीत हवा जायला स्क्रू सैल लागतो, पण बोट उभी असताना तो आवळूनच ठेवायचा असतो असं मिस्त्री म्हणतो. म्हणजे निम्मा मी बरोबरच होतो. त्याला विचारायला गेलो नव्हतो, सहज वाटेत भेटला.

सकाळी बोटीच्या कुलपाची किल्ली जागेवर नव्हती. बायकोही घरात नव्हती. धक्क्यावर गेलो. बोट दीपगृहाच्या पार पुढे पोचली होती, ठिपक्याएवढी. बायको एकटीच गेली होती.

मी घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटं झाली. अकरा झाली. पंधरा.

चाळीस मिनिटं बसलो होतो. बंद पडलं नाही.