झाडू कुणाचा

३ एप्रिल

झाडू पुन्हा हातातून काढून घेतला! अर्धं अंगणही झालं नव्हतं. सूनबाई झुलायहो धावत आली, डोळ्यांत पाणी. "आई, माझं काही चुकलं का?" काय चुकणार बिचारीचं! सून घरात असताना सासूनं झाडू धरला तर गल्ली काय म्हणेल, एवढंच तिला दिसतं. मी मुकाट्यानं द्राक्षवेलीखालच्या बाजेवर जाऊन बसले, तक्क्याला टेकून. चहा आला. सोबत खडीसाखर. खडीसाखर!

५ एप्रिल

डॉक्टर मौजुदानं आज चांगलंच झापलं. रक्तातली साखर तेरा. सातच्या आत हवी. "गोळ्या घेता ना, आपा? मग अंग का हलवत नाही? जेवण झालं की चाला, झाडा, कणीक तिंबा, काहीही करा." मग मोजा काढायला लावला आणि म्हणाली, "अंगठ्याला सुई टोचली, कळलं?" मी विचारलं, टोचलीस कधी?

ती खाली मान घालून लिहीत राहिली.

सासूबाई आठवल्या. याच बाजेवर बसलेल्या असायच्या. पाण्याचा पेलासुद्धा मी हातात नेऊन द्यायची. गल्ली म्हणायची, सून असावी तर मुकद्दससारखी. शेवटी त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. पट्टी मीच बदलायची.

भीती वाटते. फार भीती वाटते.

६ एप्रिल

सुनेला सगळं सांगितलं. साखर, सुई, डॉक्टर काय म्हणाली ते. आणि आणखीच अडकले! आता बाजेवरून उतरूच देत नाही. "आजारी माणसानं आराम करायचा असतो, आई."

१२ एप्रिल

माझा मुलगा दोनियोर ताश्कंदहून सुट्टीला आला. आईसाठी व्यायामाची सायकल घेऊन! पाहुण्यांच्या खोलीत मांडली. मी दार लावून चढले. पाय जरा फिरायला लागले तोच झुलायहो आत — टॉवेल घेऊन भिंतीशी उभी.

"बस ना गं."

"तुम्ही कष्ट करताय आणि मी बसू?"

मी पाय मारतेय आणि ही हात बांधून उभी! पहाटेपासून राबलेली पोर. मलाच लाज वाटली. उतरले.

१९ एप्रिल

दोनियोर परत गेला. सायकलवर पाहुण्यांचे कोट टांगले जातात. खुंटी म्हणून बरी आहे.

२३ एप्रिल

गल्लीतून चालायला निघाले. हातात पिशवी नाही, कुठं जायचं नाही, नुसतंच चालायचं — हे कुणाला पटेल? दारादारातून हाका. "मुकद्दस, काही झालं का घरात? सून नीट वागते ना?" प्रत्येकीनं ओढून आत नेलं. प्रत्येकीकडे चहा, रोटी, जर्दाळूचा मुरंबा. शेजारच्या ओयशाआपानं तर हलवा तोंडात घातला. नको म्हणायची सोय आहे का?

घरी येऊन साखर बघितली. निघाले होते त्याहून जास्त!

२७ एप्रिल

तंदूरमधला निखारा पायावर पडला. झुलायहो किंचाळली तेव्हा मला समजलं. मोजा जळला होता.

२८ एप्रिल

अजानीआधी उठले. झाडू रात्रीच गादीखाली लपवला होता — स्वतःच्या घरात चोर! पाणी शिंपडलं, अंगण झाडलं, मग दाराबाहेरचा रस्ताही. घाम आला. किती वर्षांनी घाम आला! दुपारी साखर नऊ.

५ मे

रोज झाडतेय. झुलायहो उठते तेव्हा अंगण लख्ख. चेहरा पाडून चहा ओतते. पाडू दे. पाय माझा आहे.

९ मे

ओयशाआपानं आज रस्त्यावर मला झाडताना पाहिलं. झालं. आता सगळ्या गल्लीनं पाहिलं.

१२ मे

विहीणबाई आल्या, खालिदा. बाजेवर टेकल्या नाहीत, रोटीचा तुकडा मोडला नाही. "माझी मुलगी नको असेल तर तोंडानं सांगा. झाडू घेऊन रस्त्यावर कशाला दाखवताय?"

मी मोजा काढून पाय पुढे केला. सुई, निखारा, सासूबाई, सगळं सांगितलं.

"पाय असा झालाय तर झाडता कशाला?"

झुलायहो खाली मान घालून आईमागून गेली. चप्पल घालताना एकदा वळून बघितलं फक्त.

१४ मे

साखर सहा! वर्षभरात एवढी चांगली आली नव्हती. सांगायला घरात कोणी नाही.

१८ मे

शेवटी सुनेला आणायला मीच गेले. सासूनं जायचं नसतं, दोन वडीलधाऱ्या बायका पाठवायच्या असतात. मी गेले, चालत, पार ओढ्यापलीकडे. कुणी हाक मारली तर थांबले नाही.

झुलायहो तुतीखाली बसली होती. मी म्हटलं, चल घरी. ती बोटाला रुमाल गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "रागावू नका, आई. इथं मी उजाडेपर्यंत झोपते."

मला कळेना.

"लग्न झाल्यापासून झोपलेच नव्हते तशी. तुम्ही झाडू घेतलात तेव्हा पहिल्या दिवशी खूप रडले. दुसऱ्या दिवशी जाग आली, झाडल्याचा आवाज ऐकला आणि वाटलं, अजून जरा पडावं. त्याचीच लाज वाटत होती."

म्हणजे तो पडलेला चेहरा! आणि मला वाटायचं, हिला झाडू माझ्यापेक्षा प्यारा. मी नाही का अख्खा जन्म सासूबाईंच्या खोकल्याआधी उठत आले? मला ते आवडत होतं का? कुणी विचारलंच नव्हतं.

म्हटलं, "आपल्याकडेही झोप की. झाडू मला दे."

२२ मे

उन्हं वर आली होती. दाराबाहेर झाडत होते. ओयशाआपा कमरेवर हात ठेवून उभी. "मुकद्दस, सून आली म्हणे परत. मग कुठाय?"

"झोपलीय!" म्हटलं. मोठ्यानं, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.