रुळावरचा फोटो

२२ ऑक्टोबर २००९, दुपार

दादा, दहा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. रोजनिशीत तुम्ही येता, पण कामापुरते. दादांचं वर्षश्राद्ध, दादांचा कोट कपाटातून काढून उन्हात टाकला, असं. तुमच्याशी बोलणं म्हणून काही लिहिलं नाही. आज सकाळची एक गोष्ट लिहायला बसले आणि लक्षात आलं की ती वहीला सांगून भागणार नाही.

तुमचा नातू दिवाळीला आलाय. आता पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच झालाय. सकाळी त्याचे दोन मित्र आले होते. पोहे खाता खाता त्यानं अल्बम काढला आणि तो फोटो दाखवला. घरात त्याला सगळे "हिरोची पोज" म्हणतात. हैदराबादजवळच्या त्या मोठ्या फिल्मनगरीतला. तीन पोरं रुळावर बसून हसतायत आणि त्यांच्या मागे, दहाबारा पावलांवर, तुम्ही आमच्याकडे पाठ करून उभे आहात. दोन्ही हात डोक्याच्या वर, सरळ. मुलगा दिवाणासमोर उभा राहिला आणि त्यानं तसेच हात वर करून दाखवले. एक मित्र म्हणाला, "काकू, आजोबा सिनेमात होते का?" मुलगा म्हणाला, "नाही रे, रेल्वेत. पण आतून हिरो." सगळे हसले. मीही हसले आणि विचारलं, पोहे अजून घेता का.

तुम्हाला त्या सहलीला न्यायचं माझ्या मनात नव्हतं, हे आधी लिहिते. १९९८चा डिसेंबर. वन्सं पुण्याहून त्यांच्या दोन मुलांना घेऊन जालन्याला आल्या होत्या आणि यांनी सगळ्यांची हैदराबादची तिकिटं काढली. आमच्या मुलानं हट्ट धरला की बदनापूरचे आजोबा पाहिजेत. तुम्ही माझ्या भावाच्या घरून एक पिशवी आणि तपकिरी कोट घेऊन आलात. स्टेशनवर मला बाजूला घेऊन विचारलंत, "मी आलेलं तुझ्या नणंदेला चालतं ना?" मी म्हणाले, असं काय बोलता. पण माझी अडचण तुम्ही बरोबर ओळखली होती. मला भीती वन्संची नव्हती, माझीच होती. लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं होतं, वडील काय करतात. आपल्याकडून उत्तर गेलं, रेल्वेत आहेत. पुढे त्यांनी आपल्याआपण तुम्हाला स्टेशनमास्तर करून टाकलं आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. खोटं मी बोलले नव्हते, एवढंच मी माझ्या समाधानासाठी धरून ठेवलं होतं.

दिवस चांगला चालला होता, तेही लिहायला हवं, नाहीतर तुम्ही दिवसभर दुःखी होतात असं वाटेल. छत नसलेल्या लाल बसमधून आम्हाला फिरवत होते. एक इमारत पुढून विमानतळ आणि मागून दवाखाना होती. तुम्ही उतरून तिच्या खांबावर बोटांनी टकटक केलंत आणि नातवाला म्हणालात, "पोकळ हाय. आपल्या ज्वारीच्या कणगीत जास्त दम." मोठाल्या कपबशांचा एक पाळणा होता, कपात बसायचं आणि तो गरगर फिरायचा. वन्सं बसल्या नाहीत, मीही नाही. तुम्ही टोपी काढून कोटात कोंबलीत आणि तिन्ही पोरांच्या मध्ये जाऊन बसलात. उतरल्यावर पाय वाकडे पडत होते. "जमीन थांबू द्या जरा," म्हणालात. वन्संसुद्धा मनापासून हसल्या. मला तेव्हा तुमचं कौतुक वाटलं होतं, हे मी नंतरच्या गोष्टीसाठी रंगवून सांगत नाहीये, त्या दिवशीच्या रोजनिशीत आहे.

मग बस त्या स्टेशनाशी आली. फलाट, बाकडी, तिकिटाची खिडकी, कंदील, पाण्याची टाकी, सगळं. गाइड पोरगा होता, त्यानं सांगितलं, "देखो साब, बोर्ड बदला की गाँव बदल गया. आज लखनौ, कल मद्रास." तुम्ही म्हणालात, "आमच्या टायमाला असं असतं तर बदलीचा तरास वाचला असता." गाइडला कळलं नाही, पण आम्ही हसलो. नंतर सगळे फलाटावर इकडे तिकडे पांगले आणि मी पाहत होते की तुम्ही एकटेच फलाटाच्या कडेला गेलात, हळूच खाली उतरलात, वाकलात आणि रुळाच्या माथ्यावरून बोट फिरवलंत. बोट पाहिलंत. मग डावीकडे पाहत राहिलात. तिकडे रूळ वळून एका रंगवलेल्या भिंतीमागे जात होता.

तेवढ्यात पोरांनी खाली उड्या मारल्या आणि तिघं रुळावर बसली. हे कॅमेरा काढत होते. तुम्ही म्हणालात, "ए पोरांनो, उठा बरं. रुळावर बसायचं नसतंय."

वन्सं फलाटावरून म्हणाल्या, "अहो काका, इथं कुठली गाडी यायला?"

"कुठली का येईना. उठा. जल्दी उठा."

आमचा उठायला लागला होता. तुमचं तो ऐकायचा. वन्संची दोन्ही मात्र बसून त्याच्याकडे बघून खिदळत होती आणि फलाटावरची दोनचार अनोळखी माणसंही आता बघायला लागली होती. मी म्हणाले, "बस रे तू. दादा, खोटं आहे हे सगळं. तुम्ही जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

तुम्ही "बरं" म्हणालात. आवाज चढवला नाहीत. पण बाजूला झाला नाहीत. रुळाच्या कडेनं त्या वळणाच्या दिशेला चालत गेलात, दहाबारा पावलं, आमच्याकडे पाठ केलीत आणि दोन्ही हात वर केलेत.

वन्सं म्हणाल्या, "अगं बाई, काका काय करतायत?"

मी म्हणाले, "हिरो झालेत आमचे दादा. सिनेमाची हवा लागली." वन्सं हसल्या, हे हसले, अनोळखी माणसंही हसली. ते नाव मी दिलेलं आहे. विचार करून नाही, पण पटकन, कुणी आणखी काही विचारायच्या आत.

कारण मला माहीत होतं. आपण बदनापूरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हाची एक सकाळ आहे. मी सहावीत असेन. आई चुलीपुढे भाकरी करतेय, तुमची ड्युटी दुपारची आहे म्हणून तुम्ही दारात आरसा टांगून दाढी करताय. फाटकाकडून कुणीतरी ओरडतं. कापसाच्या बैलगाडीचा आस बरोबर रुळावर मोडलाय आणि जालन्याकडून पॅसेंजर सुटल्याची वर्दी येऊन गेलीय. तुम्ही वस्तरा तसाच उंबऱ्यावर ठेवता आणि पळता. एक गाल साबणानं पांढरा. मी मागे पळते, आई मला फाटकाशी धरून ठेवते. तुमच्याकडे झेंडी नाही. तुम्ही रुळामधून गाडीच्या दिशेनं पळत जाता, खूप लांब, मग थांबता आणि दोन्ही हात वर करता. वळणावरून धूर येतो, मग इंजिन. हात हलत नाहीत. गाडी तुमच्यापर्यंत पोचायच्या कितीतरी आधीच थांबते. ड्रायव्हर खाली उतरतो आणि तुम्ही त्याच्याकडून तंबाखू मागून घेता. नंतर घरी येऊन उरलेल्या गालाची दाढी पुरी करता. आई म्हणते, "जीव जायचा एखांद्या दिवशी." तुम्ही म्हणता, "कामून जाईल? डायवर माणूसच हाय. हात दिसले की थांबतो." त्याच दिवशी मला विचारून घेतलंत, झेंडी नसली तर काय करायचं. मी दोन्ही हात वर करून दाखवले. "कोपरात वाकवू नको," म्हणालात.

फोटोत तुमचे हात कोपरात वाकलेले नाहीत.

पोरं उठत नव्हती, आणि तुमच्या नातवाला तर त्याच्या आईनंच बसवलं होतं. तुम्हाला आणखी भांडता आलं असतं. त्याऐवजी तुमच्यासारख्या पॉइंट्समनकडे, रुळांचे सांधे बदलणाऱ्या माणसाकडे, जे उरतं ते तुम्ही केलंत. यांनी तीन फोटो काढले, मधे रीळ अडकलं, ते सोडवायला वेळ गेला. तेवढा वेळ तुम्ही तसेच उभे. नातवानं फलाटावर चढून हाक मारली, "आजोबा, झालं," तेव्हा मागे वळून पाहिलंत, तिन्ही वर आली का ते पाहिलंत, मग हात खाली घेतलेत आणि डावा खांदा चोळत आलात. त्या खांद्यामुळे तुम्हाला केस विंचरता येत नव्हते, हे मला तुमच्या शेवटच्या आजारात, अंघोळ घालताना कळलं.

परतीच्या बसमध्ये मी तुमच्या मागच्या बाकावर होते. पुढे वाकून विचारलं, "दादा, रागावलात का?"

"न्हाई." मग अर्धवट मागे वळून म्हणालात, "रूळ वरून घासेल व्हता, पाह्यला का तू? गंज न्हाई. चाक फिरून राह्यलंय त्याच्यावर."

"शूटिंगची गाडी आणत असतील, दादा."

"मंग मी काय म्हणून राह्यलो? अन् पलीकडचं टोक दिसत नव्हतं."

म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं. भिंत रंगवलेली आहे, बोर्ड बदलतो, खांब पोकळ आहेत, सगळं. तुम्ही फक्त रूळ पाहिला होता आणि तो खरा होता. त्या दिवशी गाडी यायची होती का, हे मी कुणाला विचारलं नाही. नसेलच यायची. तुम्ही चूक होतात असं मला अनेकदा लिहावंसं वाटलं आहे आणि लिहिताना प्रत्येक वेळी पेन थांबलं आहे, कारण ज्या रुळाचं टोक दिसत नाही त्यावर मी माझं मूल बसवलं होतं आणि तुम्ही नव्हतं बसवलं. एवढंच खात्रीनं सांगता येतं.

त्याच बसमध्ये वन्संनी मला विचारलं, "काका स्टेशनमास्तरच होते ना गं?" मी "हो" म्हणाले. तुम्ही माझ्यापासून हातभर पुढे होतात आणि खिडकीबाहेर पाहत होतात. तुम्ही ऐकलंत असं मी धरून चालते. कदाचित ऐकलं नसेल, बसचा आवाज होता. धरून चालण्यात शिक्षा भोगल्याचं समाधान मिळतं, म्हणून तर धरत नसेन ना, असंही वाटतं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. तोवर चार वेळा तरी बदनापूरला आले, एकदा तर नुसतं हेच बोलायला आले होते. तुम्ही अंगणात पेरू कापून मीठ लावून दिलात आणि मी शिकवते त्या कॉलेजचं विचारलंत. मी कॉलेजचंच सांगत बसले.

तेराव्याला वन्सं आल्या होत्या. अल्बम पाहताना त्या फोटोशी थांबल्या, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "किती हौशी होते काका." तेव्हा सांगता आलं असतं. पण हातांचा अर्थ सांगितला की तो मला कसा माहीत हे सांगावं लागतं, मग तुमचं खरं काम, मग बसमधलं "हो". मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं की तुमच्या कामाची लाज वाटते म्हणून मी गप्प आहे, आणि अशी लाज वाटल्याबद्दल स्वतःला दोषही दिला. ते खरं नाही. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी केव्हापासून सांगते की माझे वडील पॉइंट्समन होते, मला त्यांनी क्वार्टरच्या दिव्याखाली शिकवलं. ऐकणारे मान डोलावतात. मला ते आवडतं. घरात जे लपवलं आहे ते तुमचं काम नाही, "बाजूला व्हा" हे माझं वाक्य आहे. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, त्याला ते आठवत नाही. सांगितलं तर त्याला पहिल्यांदा कळेल की आजोबा त्याच्यासाठी उभे होते, आणि त्याच वेळी हेही कळेल की त्यांच्यावर लोक हसले ते त्याच्या आईनं हसवले म्हणून. दुसरं न सांगता पहिलं सांगायची एक वाट मी आज जेवणानंतर तासभर शोधत होते. सापडली नाही, आणि सापडली असती तर मी ती घेतली असती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. म्हणून सकाळचं उरलेलंही लिहिते. मित्र गेल्यावर मुलगा अल्बम हातात घेऊन स्वयंपाकघरात आला होता. हसत नव्हता. म्हणाला, "आई, खरंच, आजोबा असे का उभे होते गं?" मी नळ चालू ठेवून कढई घासत होते. मी म्हणाले, "कुणास ठाऊक."

उद्या : त्याची पुण्याची बस नऊला आहे. चहाच्या आधी सांगणे.