अंगठ्याखालचे घर

प्रति,
मा. नगररचना अधिकारी,
जमीनवापर नकाशे विभाग, दुसरा मजला.

विषय : राहते घर नकाशात बाग झाल्याबाबत.
संदर्भ : घर पंधरा दिवसांत रिकामे करण्याची आपली नोटीस.

महोदय,

अर्जदाराच्या वडिलांचे घर पाडण्याचा आदेश काल निघाला. तो निघालाच नाही असे समजून पुढील मजकूर वाचावा. वडीलही तसेच समजून गिऱ्हाइकांच्या शर्टांना काजे करीत बसले आहेत.

१. अर्जदार आपल्याच विभागात नकाशे रंगवतो. राहण्याची जागा पिवळी, दुकाने निळी, बागा हिरव्या. वस्तीने कुठे वाढावे नि कुठे थांबावे हे या रंगांवर ठरते. स्वतःच्या गल्लीपर्यंत येता येता त्याचे पिवळे पेन सुकले. नव्या पेनाला तीन सह्या लागतात. म्हणून त्याने आपल्याच घरावर तात्पुरता हिरवा लावला. दुसऱ्याच्या घरावर लावणे बरे दिसले नसते. जेवणाच्या सुट्टीनंतर तो दुरुस्त करणार होता. सुट्टीतच नकाशा प्रसिद्धीला गेला.

२. हरकतींसाठी नकाशा महिनाभर जिन्याजवळ लावला होता. वडील चष्मा पुसून मुद्दाम पाहायला आले. "आपलं घर कुठंय रे?" अर्जदाराने "हे काय, बाबा" म्हणत नेमका तिथे अंगठा ठेवला आणि त्यांचे पाहून होईपर्यंत उचलला नाही. तेव्हा तोंड उघडले असते तर हरकतीच्या एका कागदावर भागले असते. पण वडील शिपायाला सांगत होते, "सगळं आमच्या पोरानं रंगवलंय. रेषेबाहेर कुठं गेलाय का बघा!"

३. नोटीस पाहून शेजारीण घाबरली, तर वडील तिलाच म्हणाले, "आमचा मुलगा आहे ना तिथं." तेव्हापासून अर्जदार घरात मान वर करीत नाही. हा अर्जही त्यांनी वाचून दाखवायला लावला. परिच्छेद दोनच्या जागी अर्जदाराला खोकला आला.

४. मंजूर नकाशा बदलत नाही, हे मान्य. नियमाप्रमाणे बागेत माणूस राहू शकत नाही. झाड राहू शकते, आणि जुने झाड हलवायचे तर समिती बसवावी लागते. सबब वडिलांची नोंद 'जुने झाड, एक, शिलाई मशीनसह' अशी घ्यावी, व अर्जदाराचा उजवा अंगठा पुढील आदेशापर्यंत कार्यालयात जमा करून घ्यावा, ही विनंती.

आपल्याच विभागातला, खाली मान घातलेला,
नकाशे रंगवणारा
(सही येत असूनही अंगठा उमटवला आहे.)

दिनांक : आदेशाचा दुसरा दिवस
सोबत : सुकलेले पिवळे पेन, एक.