आवक क्रमांक चारशे सतरा

तीर्थस्वरूप दाजींस,

दुसऱ्या बाकावरून उठून नमस्कार. (तुम्ही आता माझे मेहुणे असलात तरी आधी गुरुजी होतात, त्यामुळे तुम्हाला लिहायला बसलो की पाठ आपोआप ताठ होते.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईने तेल चोळणे सोडले नसावे आणि तुम्ही कुरकुरणे. माझे बरे चालले आहे. सकाळी दहा मिनिटे देवापुढे बसतो, त्यावर दिवस निभतो.

ताईचा फोन आला होता. सोमवारी सकाळी दहाला भाचीची मुलाखत आहे आणि मूळ प्रमाणपत्रे दाखवल्याशिवाय तिला आत घेणार नाहीत, हे मला पुरते ठाऊक आहे. आमच्या साहेबांकडून नकलांवर सही-शिक्का घेण्यासाठी ती पाचही प्रमाणपत्रे मीच मागवली होती. ती सुखरूप आहेत. इतकी सुखरूप, की मलाही मिळत नाहीत.

झाले असे. महिन्यापूर्वी आमच्या कार्यालयात एक प्रशिक्षक आले होते. (पायात पांढरे बूट, आणि घड्याळाकडे न बघता वेळ सांगणारा माणूस.) कामे साठतात ती आळसामुळे नव्हे, तर आपण एकच कागद दहा वेळा हातात घेतो म्हणून, असे त्यांचे म्हणणे. कागद आला की नोंद करायची, क्रमांक टाकायचा, फाइलला लावायचा आणि विसरायचा. दिवसभराची कामे सकाळी चिठ्ठ्यांवर लिहायची आणि झालेल्या कामाची चिठ्ठी फाडायची. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि ते चहाला गेले. मला मात्र पटले. माझ्या टेबलावरच्या सव्वीस वर्षांच्या ढिगाकडे पाहिले की मला माझाच स्वभाव दिसे. पहिल्या दिवशी ‘चिठ्ठ्या लिहिणे’ अशीही एक चिठ्ठी केली होती. ती फाडताना जे समाधान वाटले, ते देवापुढेही क्वचितच वाटते. (याबद्दल दुसऱ्या दिवशी देवाची क्षमा मागितली. तिचीही चिठ्ठी होती.)

या भरात तुमचे पाकीट कार्यालयाच्या पत्त्यावर आले. मी ते आवक नोंदवहीत चढवले, चारशे सतरा क्रमांक टाकला, प्रमाणपत्रे फाइलला लावली, फाइल कपाटात ठेवली, कुलूप घातले आणि चिठ्ठी फाडली. नकलांचे चिठ्ठीवर काही लिहिलेले नव्हते, त्यामुळे त्या राहिल्या.

आता आमच्याकडे आवक क्रमांक पडलेला कागद कार्यालयाचा होतो. तो बाहेर काढायला अर्ज लागतो. निवृत्तीला आलेले आमचे शिपाई (सगळे त्यांना बिनघोर म्हणतात) हे ऐकून माझ्याकडे बघतच राहिले.

“भाची तुमची, कपाट तुमचं, किल्ली तुमच्या खिशात. मग अडलंय कुठं?”

“नियमात,” मी म्हणालो.

“मग सोमवारी नियमालाच बसवा मुलाखतीला.”

मी मनावर घेतले नाही. रीतसर अर्ज केला. असे अर्ज ज्या कारकुनाकडे येतात तो मीच, म्हणून तो माझ्याकडेच आला. मी तो परक्याचा असल्यासारखा वाचला. अर्जदार मामा आहे, पाकीट वडिलांनी पाठवलेले आहे, तेव्हा वडिलांचा अर्ज हवा असा शेरा मारला आणि मला परत पाठवला. अर्जदार म्हणून मला हा कारकून फार आडमुठा वाटला. कारकून म्हणून वाटले, या अर्जदाराला जरा धीर नाही. मार्ग काढू शकणारे साहेब रजेवर आहेत, ते मंगळवारी उगवतील.

म्हणून विनंती, की तुमच्या सहीचा अर्ज पत्र मिळताच पाठवावा. आज गुरुवार. टपालाचा अंदाज घेता तो मला सोमवारी दुपारी मिळेल. त्याआधीचे देवावर सोपवले आहे. भाचीला आशीर्वाद. तिने मन शांत ठेवावे. माझे आहे.

तुमचा विद्यार्थी आणि मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बिनघोर आले. खुंटीवरच्या माझ्या कोटातून किल्ली घेतली, कपाट उघडले, प्रमाणपत्रे काढली, कुलूप लावले, किल्ली जागेवर ठेवली. अर्धे मिनिटही लागले नसेल. मी त्या वेळी डोळे मिटून नामस्मरण करत होतो. (नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.) पाचही प्रमाणपत्रे याच पाकिटात आहेत. बिनघोरांची लेक तुमच्याच गावात दिलेली आहे, ते शनिवारी स्वतः आणून देतील. त्यांना जेवल्याशिवाय सोडू नये.

आणखी एक. चारशे सतराची फाइल आता रिकामी आहे, आणि रिकाम्या फाइलकडे पाहून मला घास गिळवत नाही. तेव्हा तुमचा अर्ज बिनघोरांच्याच हाती द्यावा, मात्र त्यावर मागच्या सोमवारची तारीख घालावी. तिसरीत वहीवर खोटी तारीख घातली म्हणून तुम्ही मला तासभर बाकावर उभे केले होते, हे मी विसरलेलो नाही. तुम्ही अर्ज बसूनच लिहा, गुडघा दुखतो. तुमच्या वाटचा तासभर मी इथे उभा राहतो.