गुरुजींचं कार्ड

व्हिएन्ना

माझ्या लाडक्या रोझीला थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. नात हेडी दिवसभर बाहेर, मग मी चुलीशीच गप्पा मारते. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथली गंमत ऐक. हेडीचे संगीतशास्त्राचे गुरुजी राहतात दोन गल्ल्या पलीकडे, पण तासाची वेळ ठरवतात टपालानेच! परवा कार्ड आलं, ‘खोकला आहे. मंगळवारऐवजी गुरुवार जमेल का, कळवावे.’ हेडी घरी नव्हती. म्हटलं, त्यात लिहायचं काय? कोंबडीचं सूप घेऊन मीच सांगायला गेले. गुरुजींनी भांडं घेतलं नि म्हणाले, “बाई, उत्तर लेखी हवं!” दार बंद!

हेडी रडायलाच लागली. “आजी, एवढ्यावरून ते शिकवणी बंद करतात गं!” माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

आज कार्ड आलं, तेही माझ्या नावाने! ‘हेडीला गुरुवारी पाठवावे. सूप उत्तम होते. भांडे कधी नेणार, लेखी कळवावे.’ आम्ही दोघी किती हसलो!

या शहरात मला आलेलं हे पहिलंच टपाल, रोझी. उत्तराची घाई मी करत नाहीये. भांडं परत आलं की मग मला कोण लिहिणार?

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आना